कचेरीत कोण येते, कोण टिकते?

उमेदवारी हा शब्द आपल्याकडे जुना आहे. सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत मुलगा आधी उमेदवारी करी आणि मग त्याच्या हाताला काम लागे. आजच्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या तोंडी त्यासाठी ‘इंटर्नशिप’ हा शब्द बसला आहे, वस्तू तीच. या उमेदवारीचा एक नवा प्रकार अलीकडे निघाला आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत मनुष्यबळ विभागाला जोडून एक छोटेसे खाते असते. त्याचे नाव ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन’. आपण त्याला वैविध्य आणि समावेश म्हणू. कामाच्या जागी निरनिराळ्या जातींची, धर्मांची, भाषांची, खेड्यांतली आणि शहरांतली, स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, धडधाकट आणि अपंग अशी सर्व तऱ्हेची माणसे यावीत, आणि आल्यावर त्यांना मानाने काम करता यावे, हे पाहणारे ते खाते. तुमच्या घरातली एखादी मुलगी तिथे उमेदवारीला जायचे म्हणाली, तर तुम्ही साहजिकच विचाराल, ‘अगं, पण तिथं शिकायचं काय? हिशेब शिकशील, पत्रव्यवहार शिकशील, ते समजतं. माणसांना सामावून घेणं ही काय शिकायची गोष्ट आहे?’

आहे. आणि ती नुसत्या चांगुलपणाने येत नाही, हेच तिथे पहिल्यांदा शिकायला मिळते.

मुळात हे दोन शब्द वेगळे आहेत. वैविध्य दाराशी मोजता येते: किती आले, कोण आले. समावेश दाराच्या आत असतो, आणि कधीकधी दाराच्या पार बाहेरही. केरळातले उदाहरण घ्या. २०१७ साली कोची शहराची मेट्रो रेल्वे सुरू झाली, तेव्हा तेवीस तृतीयपंथी व्यक्तींना तिथे नोकऱ्या देण्यात आल्या. देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण पहिल्या काही दिवसांतच त्यांच्यापैकी काही जणांनी काम सोडले. कारण काय? काम जमत नव्हते असे नाही. शहरात त्यांना भाड्याने खोली देईना कोणी! जिथे मिळे तिथले भाडे पगाराला परवडेना. पहा, नेमणुकीचा कागद खरा, गणवेश खरा, पगार खरा. आणि तरी रात्री पाठ टेकायला जागा नाही म्हणून नोकरी हातची जाते. उमेदवाराने अशा एका प्रकरणाचा नीट अभ्यास केला, तर ‘आम्ही इतक्या जणांना घेतले’ या आकड्यापुढे ‘त्यांतले वर्षाने किती उरले?’ हा प्रश्न तो आपोआप विचारू लागतो.

आता दाराकडेच वळू. अर्जांचा गठ्ठा उमेदवाराच्या हाती येतो, आणि वाटते की यात काय मोठे? शिक्षण पहा, अनुभव पहा, बोलवा. पण अर्जावर सर्वांत वर असते ते नाव. आणि आपल्या देशात नाव पुष्कळ काही सांगून जाते. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी याची परीक्षाच घेतली. वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी चार हजारांहून अधिक अर्ज पाठवले. पात्रता सारखी, मजकूर सारखा, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण हिंदू नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची जी शक्यता, तिच्या सुमारे दोन-तृतीयांश दलित नावाच्या वाट्याला आली आणि सुमारे एक-तृतीयांश मुसलमान नावाच्या. इथे कोणी कोणाला शिवी दिली नाही, दारातून हाकलले नाही. नुसते पत्र आले नाही, एवढेच. ज्याला ते आले नाही, त्याला आपण का नाकारले गेलो हे कधीच कळत नाही. आणि ज्याने अर्ज बाजूला सारला, त्यालाही बहुधा कळत नाही.

या खात्याचे शब्द अमेरिकेतून आले, हे खरे. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर या विचाराला बळ आले आणि पुढे कंपन्यांनी तो उचलला. २०२५ च्या जानेवारीत तिथल्याच केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांतले असे कार्यक्रम बंद करण्याचे हुकूम काढले, तेव्हा आपल्याकडेही काहींनी ‘संपलं एकदाचं हे खूळ’ असा सुस्कारा टाकला. पण शब्द परका असला म्हणून प्रश्न परका होत नाही. परदेशी कंपनीच्या छापील तक्त्यात वंशाचा रकाना असतो, जातीचा नसतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची मुलाखतीत इंग्रजीपुढे जी बोबडी वळते, तिचाही नसतो. म्हणून शहाण्या उमेदवाराने तो तक्ता भरण्याआधी आपल्याच शहराचा इतिहास वाचावा. मुंबईच्या कापडगिरण्यांइतका चांगला धडा दुसरीकडे क्वचित सापडेल.

गिरणीत भरती कशी होई? जॉबर, म्हणजे मुकादम, दाराशी उभा राहून माणसे घेई. तो ज्या मुलखातला, ज्या गावचा, ज्या जातीचा, तिथली माणसे आधी. त्यात आपुलकीही होती, चिरीमिरीही होती. ‘आपला माणूस आहे, विश्वासाचा आहे,’ हे त्यामागचे तत्त्व. गिरणीमालकांच्या संघाने १९३५ साली बदली कामगारांची नोंद ठेवण्याची योजना काढली, ती याच मुकादमी सत्तेला थोडा आळा बसावा म्हणून. आज संगणकाच्या कंपनीत जागा निघाली की कर्मचाऱ्यांना सांगतात, ओळखीतले कोणी असेल तर सुचवा; घेतला गेला तर तुम्हाला बक्षीस. पद्धत सोयीची आहे, स्वस्तही आहे. पण माणूस ओळखीतला सुचवतो, आणि ओळखी होतात त्या आपल्याच कॉलेजात, आपल्याच वस्तीत, आपल्याच नात्यागोत्यात. मुकादम गेला, मुकादमी राहिली, असे मी म्हटले तर कंपनीवाल्यांनी रागावू नये. गेल्या वर्षी ओळखीने किती आले आणि जाहिरातीने किती आले, याची नोंद उमेदवाराने काढून पाहावी, मग बोलावे.

गिरणीच्या आत आणखी एक दार होते. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, कमाई चांगली असे. तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे. त्यांना कमी मजुरीच्या इतर खात्यांत काम करावे लागे. याला दिले जाणारे कारण ऐकण्यासारखे आहे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागे आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. मग विटाळ होणार! म्हणजे बंदी जातीची, आणि तिला पांघरूण कामाच्या पद्धतीचे. तोंडाने धागा ओढणे कोणाच्याच प्रकृतीला चांगले नव्हते, आणि हाताने ओवता येतील असे धोटे त्या काळी जगात तयारही होत होते. १९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख कामगारांचा प्रचंड संप झाला. सगळे कामगार एक, अशी त्याची घोषणा. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साचेखात्याच्या बंदीचा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला: मालकाकडे न्याय मागताना आपल्याच शेजारच्या कामगाराला दाराबाहेर का ठेवता?

हा प्रसंग मी जरा विस्ताराने सांगितला, कारण आजच्या खात्याचे निम्मे काम त्यात आहे. ‘कामाचे स्वरूपच असे आहे’ हे वाक्य उमेदवाराला पदोपदी ऐकू येईल. रात्री उशीर होतो, म्हणून बाई नको. फिरतीचे काम, म्हणून अपंग नको. गिऱ्हाइकाशी बोलायचे, म्हणून अमुक उच्चाराचा नको. दर वेळी ते कारण खोटेच असेल असे नाही. पण दर वेळी विचारायला हवे, की ही गरज कामाची आहे, की धोट्याची? धोटा बदलता येतो. कोठारावर मालाची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या जाहिरातीत ‘अस्खलित इंग्रजी’ हवे असते. का, तर मागच्या जाहिरातीत होते म्हणून!

इथे कोणी तरी हमखास म्हणतो, ‘मग गुणवत्तेचं काय?’ प्रश्न योग्य आहे, पण गुणवत्ता मोजायची कशी, हे विचारणाराही क्वचितच सांगतो. बऱ्याच मुलाखती म्हणजे गप्पा असतात. एकाला त्याच्या गावच्या आंब्याबद्दल विचारतात, दुसऱ्याला कठीण गणित घालतात, तिसरीला ‘लग्न कधी करणार?’ म्हणून विचारतात. आणि शेवटी तिघांची तुलना करतात. त्यापेक्षा कामाला काय लागते ते आधी लिहून काढावे, सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, आणि परीक्षकांनी आपापसात बोलण्याआधी आपले गुण कागदावर मांडावेत. यात दयेचा भाग कुठे आहे? गुणवत्तेचीच ही जास्त चांगली पारख.

आकडेमोडही शिकावी लागते, पण ती चौथीच्या गणिताएवढीच. समजा, एका जागेसाठी दोनशे अर्ज आले, त्यांत साठ स्त्रियांचे. मुलाखतीला चाळीस जण बोलावले, त्यांत बारा स्त्रिया. नेमले दहा, त्यांत एक स्त्री. अर्जांत शेकडा तीस, मुलाखतीत शेकडा तीस, नेमणुकीत शेकडा दहा. म्हणजे ‘बायका अर्जच करत नाहीत हो!’ हे म्हणणे टिकत नाही. गाडी अडली आहे ती मुलाखतीच्या खोलीत. एकाच वर्षाच्या दहा नेमणुकांवरून फाशी सुनावू नये, हेही खरे. दोन-तीन वर्षांचे आकडे मांडावेत. पण कुठल्या खोलीचे दार उघडून पाहायचे, एवढे तरी कळते.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर गिरणीतलीच आणखी एक हकीकत सांगतो. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळपास एक स्त्री असे. वायंडिंग आणि रीलिंग या खात्यांत त्यांचा भरणा. मुंबई प्रांताने १९२९ साली बाळंतपणाच्या लाभाचा कायदा केला. चांगलाच केला. पण पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या स्त्रिया कमी कमी होत गेल्या. नवी यंत्रे, रात्रपाळीची बंदी आणि बाळंतपणाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती, अशी अनेक कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. २०१७ साली भारतात ही पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तेव्हाही तीच कुजबुज ऐकू आली: खर्च सगळा मालकावर, मग बाईला घ्यायचेच कशाला? कायदा हक्क देतो, पण त्या हक्काची भीती घालून दार लावता येते. रजेवरून परतलेल्या किती जणी सहा महिन्यांनी कामावर आहेत आणि त्यांचे जुने काम त्यांना परत मिळाले का, हे शोधणे हे उमेदवाराला देता येण्यासारखे उत्तम काम आहे. फार तर पंधरा दिवस लागतील.

काही गोष्टी मात्र फूटपट्टी घेऊनच शिकाव्या लागतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो. आधीचा १९९५ चा कायदा सातच मानत होता. सरकारी नोकऱ्यांत त्याने शेकडा चार जागा राखल्या. खाजगी आस्थापनांनाही आपले समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते, आणि जिथे वीस किंवा अधिक माणसे आहेत तिथे त्यात सोयींचा तपशील द्यावा लागतो. धोरण लिहायला एक दुपार पुरते. पण दाराशी सहा इंच उंचीची पायरी असेल आणि चाकाची खुर्ची वर न्यायची असेल, तर उतार एकास बारा या प्रमाणात लागतो. म्हणजे सहा इंचांना सहा फूट. पुष्कळ ठिकाणी दोन फुटांची फळी टाकून मोकळे होतात. ती फळी फोटोला बरी दिसते. तिच्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसे लागतात आणि उतरवताना देव आठवतो. तीच गोष्ट कागदपत्रांची. अंध कर्मचाऱ्याचा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. पण परिपत्रकाचा नुसता फोटो काढून पाठवला, तर त्याच्या दृष्टीने तो कोरा कागद. टंकलेला मजकूर पाठवायला एक पैसा जास्त लागत नाही. हे कोणाला सुचत का नाही? कारण सुचवणारा त्या खोलीत नसतो. तेव्हा उमेदवाराने आधी त्या व्यक्तीलाच विचारावे, ‘तुम्हाला काय लागतं?’ आपण ठरवलेली सोय तिच्यावर लादू नये.

या खात्यात बसले की माणसे हळूहळू बोलू लागतात. एखादी सांगते की साहेब कामाव्यतिरिक्त रात्री फोन करतात. एखादा सांगतो की डबा खाताना जात विचारतात. अशा वेळी नवशिक्या उमेदवाराने वकीलही होऊ नये आणि वार्ताहरही होऊ नये. कायद्याची वाट मात्र ठाऊक हवी. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून. आणि त्या निकालामागे होती राजस्थानातली भंवरीदेवी, १९९२ साली सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाहाला विरोध केल्याबद्दल जिच्यावर सामूहिक अत्याचार झाला ती. या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सभासद स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरचा. तक्रार लेखी, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत. चौकशी नव्वद दिवसांत. दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि एक गोष्ट प्रत्येक उमेदवार मुलीने पाठ करून ठेवावी: या कायद्याच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवारही कर्मचारीच आहे. ‘तू काय, दोन महिन्यांची पाहुणी!’ असे तिला कोणी म्हणू शकत नाही.

कानावर आलेले कानातच ठेवणे, ही इथली शिस्त आहे. तक्रार करणारीचे नाव फोडायला कायद्याचीच मनाई आहे. पण नुसत्या आकड्यांतूनही नावे फुटतात, हे लवकर ध्यानात येत नाही. चौदा माणसांच्या विभागात ‘मानसिक आजार: एक’ असे तक्त्यात लिहिले, की दुपारच्या चहापर्यंत सगळे त्या एकाला शोधून काढतात. म्हणून चार-पाचाहून लहान आकडा छापायचाच नाही, तो मोठ्या गटात मिळवायचा. आणि जात, धर्म, अपंगत्व यांची माहिती ज्याला द्यायची नसेल त्याच्याकडून ओढून काढायची नाही.

तुमच्या मुलीला हे सगळे शिकायला मिळेलच, याची हमी कोण देणार? कित्येक ठिकाणी उमेदवाराला कार्डे रंगवायला बसवतात. ८ मार्चला गुलाबाची फुले वाटायची, दिवाळीत पारंपरिक पोशाखाचे फोटो काढायचे, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे चित्र लावायचे, आणि सहा आठवड्यांनी प्रमाणपत्र घेऊन घरी यायचे. फुलांशी माझे वैर नाही. पण झाडूवाली आणि पहारेकरी ठेकेदाराची माणसे म्हणून त्या दिवशीच्या जेवणाला बोलावली जातात की नाही, हे तिने जरूर पाहावे. त्या कंपनीची तिला जास्त ओळख होईल.

आणि जाण्याआधी पगाराचे विचारून घ्या. अशा पुष्कळ उमेदवाऱ्या बिनपगारी असतात. समावेश शिकवणारे खाते बिनपगारी उमेदवार घेते, तेव्हा तिथे येऊ शकते कोण? जिचे आईवडील शहरात राहतात, लोकलचा पास काढून देतात, दुपारचा डबा देतात, ती. उदगीरची किंवा चंदगडची मुलगी पुण्यात खोलीचे भाडे कशातून भरणार? महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कार्यप्रशिक्षणाची जी योजना काढली, तिच्यात बारावी झालेल्याला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. मोठ्या कंपनीला एवढे जड नसावे. तेव्हा मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असे साहेबांनी म्हटले, की तिने तीन गोष्टी विचाराव्यात: विद्यावेतन किती, राहण्याची काही सोय होते का, आणि मागच्या वर्षीचे उमेदवार कुठकुठल्या गावांहून आले होते.